एसवायलाच सरांसोबत रिसर्च करावा की नुसता सीजीपीए सांभाळावा? (नाशिक)

सिन्नरची_मायक्रो

नमस्कार मंडळी. बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, दुसरं वर्ष. कॉलेज नाशकात, घर सिन्नरला. आमच्या विभागातल्या एका सरांनी वर्गातल्या तिघांना विचारलंय, गोदावरीच्या पाण्यावर काम कराल का म्हणून. आनंदवलीपासून दसकपर्यंत ठरावीक जागी दर पंधरा दिवसांनी नमुने घ्यायचे, डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन), बीओडी (घाण कुजवायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन) आणि कॉलिफॉर्म (सांडपाण्याची खूण सांगणारे जंतू) काढायचे. २०२७ च्या सिंहस्थाची स्नानं सुरू व्हायच्या आत नदीची 'आधीची' नोंद हाताशी असावी असं त्यांचं म्हणणं. जमलं तर आविष्कारला (विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेला) पोस्टरही टाकू म्हणाले.

पप्पांचा पहिला प्रश्न, "याचे मार्क मिळतात का?" त्यांना वाटतं तेवढ्या वेळात स्पर्धा परीक्षेचा क्लास लावावा. मैत्रीण म्हणते सर लोक पोरांकडून फुकट राबवून घेतात आणि पेपरवर स्वतःचं नाव टाकतात. एक सीनियर म्हणाला, चौथ्या वर्षाला ऑनर्स विथ रिसर्च घेणार असशील तरच यात पड. आणि शनिवारी उशीर झाला की सिटीलिंकच्या बसमध्ये उभं राहून घरी जायचं, ते वेगळंच.

कुणी केलंय का असं काही? खरं खरं सांगा.

ब्लॅकबुक

खरं खरं हवंय ना, मग घे. मी इंजिनिअरिंगवाला, सध्या अंबडला नोकरी. आमच्याकडे बीईचा प्रोजेक्ट म्हणजे काय असतो हे नाशिकच्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याला विचार. रेडिमेड किट मिळतं, सोबत कोड मिळतो, ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा अहवाल) बांधून मिळतं. गाइडची सही शेवटच्या आठवड्यात. आमच्या ग्रुपचे गाइड वर्षभरात जेमतेम भेटले, तेही कॉरिडॉरमध्ये. एक्सटर्नलने व्हायवाला विचारलं, हा सेन्सर का निवडला? उत्तर होतं, दुकानात तोच होता. (हे मनात. तोंडाने आम्ही ॲक्युरसी वगैरे बोललो.)

वर प्रत्येकाने 'इंटरनॅशनल जर्नल'मध्ये पेपर छापायचाच हा दंडक. पैसे भरले की दोन दिवसांत स्वीकारल्याचा मेल. कुणी वाचलेला नाही, कुणी वाचणार नाही. यालाच रिसर्च म्हणत असतील तर क्लास लाव, पप्पा बरोबर आहेत.

गोदाकाठची_बीए

ब्लॅकबुकदादा, तुम्ही सांगितलंत त्यात रिसर्चही नाही आणि गाइडही नाही. दोन्ही नसताना जे झालं त्यावरून ताईला सल्ला कसा देता?

जुना_नाशिककर

रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालो. थोडं सविस्तर लिहितो, कारण प्रश्न नीट विचारला आहे.

ब्लॅकबुक म्हणतात ते घडतं. जर्नलांचा बाजार तर उघडच आहे. २०१८ साली पुण्याच्याच अभ्यासकांनी करंट सायन्समध्ये यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) तेव्हाच्या मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या यादीची चिरफाड केली होती. विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत शिरलेल्या ज्या नियतकालिकांची तपासणी झाली, त्यातली ८८ टक्के हलक्या दर्जाची निघाली. मग २०१९ ला यूजीसी-केअर यादी आली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीने तीही बंद केली. तेव्हा बेटा, एसवायला पेपर हे ध्येय ठेवूच नकोस. कुणी पैसे भरून छापू म्हणालं तर सरळ नाही म्हण.

आता तुझ्या सरांबद्दल. माणूस ओळखायची माझी एक साधी रीत आहे. विभागात जा आणि मागच्या वर्षी ज्यांनी त्यांच्याकडे काम केलं त्यांच्या वह्या दाखवा म्हण. तारखा, खाडाखोड, फसलेल्या रीडिंगवर मारलेली फुली, कडेला सरांच्या हस्ताक्षरातला शेरा असं काही दिसलं तर डोळे झाकून जा. नुसती चकचकीत पोस्टरं दाखवली तर विचार कर.

आणि काम काय असेल तेही ऐकून ठेव, म्हणजे भ्रम राहायला नको. डीओची बाटली ३०० मिलीची. पाण्याखालीच भरायची, बूच लावताना आत एकही बुडबुडा राहता कामा नये. पुलावरून बादली सोडून पाणी काढलंत तर ते खळबळतं आणि ऑक्सिजन वाढीव येतो. तिथेच काठावर मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड घालून बाटली उलटसुलट करायची. तपकिरी साका बसला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर नाही. नाल्याच्या तोंडाशी पांढरा साका पाहिलेला विद्यार्थी प्रदूषणावरचा धडा पुन्हा पाठ करत नाही, त्याची गरजच उरत नाही. ॲसिड मात्र लॅबमध्ये येऊन घालायचं, दुचाकीवरून सल्फ्युरिक नेण्याचा शहाणपणा नको. मग थायोसल्फेटने टायट्रेशन, शेवटी स्टार्च, निळा रंग गेला की थांब.

बीओडी आपल्याकडे २७ अंशांना तीन दिवस ठेवतात. म्हणून गुरुवारी नमुना घेऊ नये. रीडिंग रविवारी येतं आणि रविवारी लॅबला कुलूप. शनिवारचं मंगळवारी येतं, तुझ्या सरांनी वार विचार करूनच ठरवलेला दिसतो.

सगळ्यात महत्त्वाचं, गंगापूर धरणाचं आवर्तन (ठरल्या वेळी सोडलेलं पाणी) सुटलंय की नाही हे प्रत्येक तारखेपुढे लिही. एका वर्षी आमच्या विभागातल्या मुलांना रामकुंडाखाली पाणी एकाएकी सुधारलेलं दिसलं. पोरं खूश, निष्कर्षही लिहून मोकळी. धरणातून पाणी सोडलेलं होतं, एवढंच. सांडपाणी तेवढंच येत होतं, पातळ झालं होतं. पुस्तकात 'डायल्यूशन' वाचणं वेगळं आणि स्वतःच्या आलेखात ते सापडणं वेगळं. मेंटर हवा तो इथे. त्या मुलांना त्यांच्या मॅडमनी उत्तर सांगितलं नाही. पाटबंधारे खात्याकडून विसर्गाच्या तारखा आणा एवढंच म्हणाल्या.

द्राक्षबाग_निफाड

राम राम. आमच्या बागेत पण कॉलेजची पोरं आली होती डावणीचा (द्राक्षावरच्या बुरशीरोगाचा) अभ्यास करायला. वेलींना चिठ्ठ्या बांधल्या, पानं मोजली, कोणत्या पानावर किती डाग ते लिहिलं. पोरं मेहनती होती, खोटं बोलणार नाही. पण दोन गोष्टी बोलतो.

एक, गोडी छाटणी आम्ही घेतो सप्टेंबर-ऑक्टोबरला. डावणीचं खरं भय पुढचा दीड महिना, पाऊस लागला की विचारू नका. नेमक्या त्याच वेळी तुमच्या विद्यापीठाच्या परीक्षा. पोरं गायब. परत आली तोवर घड सुटून मणी धरले होते. मधला सगळा हिशोब कोरा. वेलीला तुमचं वेळापत्रक कळत नाही राव.

दोन, काय निघालं ते आम्हाला सांगायला कोणीच फिरकलं नाही. चहा आम्ही पाजला, बाग आमची, आणि पोस्टर लागलं नाशकात. निदान एक कागद मराठीत लिहून आणून दिला असता.

तासिका

द्राक्षबागदादा, तुमचा दुसरा मुद्दा फ्रेम करून प्रत्येक विभागात लावायला हवा. पहिल्याचा दोष मात्र पोरांना देऊ नका, आणि शिक्षकांनाही अर्धाच द्या.

मी तासिका तत्त्वावर शिकवते, सीएचबी. पगार तासावर. लेक्चर आणि प्रॅक्टिकल तेवढं मोजतात. एखाद्या मुलीसोबत शनिवारी नदीवर गेले तर तो तास कुठल्याच रजिस्टरमध्ये चढत नाही. उन्हाळ्यात तर मी नोकरीतच नसते, आणि उन्हाळी प्रकल्प तेव्हाच असतात. विभागातल्या कायम जागा रिकाम्या, उरलेल्या मोजक्या कायम लोकांवर नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली. धोरणात प्रत्येक मुलाला मेंटर लिहून टाकणं सोपं आहे.

तरी करते. का ते विचारू नका. एखादी मुलगी स्वतःहून येऊन "मॅडम, हे रीडिंग मला पटत नाहीये" म्हणते, तेवढ्यासाठी बहुधा.

सिन्नरच्या ताईसाठी नियमांचं थोडक्यात. चौथ्या वर्षाला ऑनर्स विथ रिसर्च घ्यायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरला मिळून ७५ टक्के हवेत, आणि त्या वर्षात १२ क्रेडिट संशोधन प्रकल्पाचे. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी झाली तर एमएस्सी न करता पीएचडीला अर्ज करता येतो, नेटलाही (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेला) बसता येतं. पण प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक विभागात ही सोय असेलच असं नाही. तुमच्याकडे आहे का, हे आत्ताच ऑफिसात विचारून ठेव. सीनियरचा 'तरच' मला पटत नाही. आधी हात न लावता थेट चौथ्या वर्षी संशोधनाला बसलेल्यांचं निम्मं सत्र पिपेट धरायला शिकण्यात जातं.

स्टेथो_नाशिक

एमबीबीएसवाल्यांची बाजू. आमचं आरोग्य विद्यापीठच म्हसरूळला असल्याने संशोधनाच्या कार्यशाळांची वानवा नाही, वेळेची आहे. आमच्याकडे आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) विद्यार्थ्यांसाठीची एसटीएस योजना असते, १९७९ पासून चालू. दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प, गाइड आपल्याच कॉलेजचा, एथिक्स कमिटीची मंजुरी सक्तीची. पैसे शेवटी मिळतात, रिपोर्ट मंजूर झाला तर. रिपोर्ट नाही तर काही नाही. सुरुवातीला हे फार कडक वाटायचं. आता वाटतं हीच त्यातली सर्वांत शहाणी अट आहे, कारण अर्धवट सोडलेला प्रकल्प म्हणजे ज्या पेशंटांनी वेळ देऊन माहिती सांगितली त्यांची फसवणूक.

एथिक्स कमिटीसमोर आमचा संमतीपत्राचा मराठी मसुदा परत आला होता. शेरा होता, "हे तुमच्या आजीला वाचून दाखवा." दाखवलं. तिला पहिलं वाक्यही कळलं नाही. ते पान पुन्हा लिहिताना मी जे शिकलो ते कम्युनिटी मेडिसिनच्या लेक्चरला शिकलो नव्हतो.

सिन्नरची_मायक्रो

बाप रे, इतके प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. जुना_नाशिककर काका, वह्या बघायला मागितल्या. सर आधी हसले, मग कपाट उघडून दिलं. फुल्या आहेत, शेरेही आहेत. एका पानावर "हा आकडा आवडला म्हणून घेतलास की बरोबर आहे म्हणून?" असं लिहिलंय.

पण नावाचं काय? पेपर झालाच तर आमची नावं येतात का? हे सरांना विचारलं तर उद्धट वाटेल का?

ब्लॅकबुक

वाटलं तर वाटू दे, विचार. आमच्या एका मित्राचं काम त्याच्या गाइडने स्वतःच्या पीएचडीत घातलं. आभार प्रदर्शनातही नाव नाही.

जुना_नाशिककर

उद्धट अजिबात नाही, पण विचारण्याची वेळ आत्ताची आहे, काम संपल्यावरची नव्हे. "सर, यातून काही छापून आलं तर नावं कशी लागतील?" इतकं सरळ. नुसते नमुने आणून देणाऱ्याचे आभार मानतात. आखणीत, विश्लेषणात, लिहिण्यात ज्याचा हात आहे तो लेखक. म्हणून बाटल्या वाहण्यावर थांबू नका. आलेख तुम्ही काढा, मसुद्याचा एक भाग तुम्ही लिहा, आणि मूळ नोंदवही प्रत्येकाची स्वतंत्र ठेवा. उद्या वाद झाला तर तारखांसह वही बोलते.

बोस्टनवासी_सातपूरकर

मूळचा सातपूरचा, म्हणून डोकावलो. इथे एमआयटीत पदवीच्या मुलांना प्राध्यापकांसोबत कामाला लावण्याचा कार्यक्रम १९६९ मध्ये सुरू झाला, यूरॉप म्हणतात त्याला. मार्गारेट मॅकव्हिकर या भौतिकीच्या प्राध्यापिकेने तो उभा केला. मला त्यातली एक गोष्ट आपल्याकडे यावीशी वाटते. मुलाला कामाचे बहुतेक वेळा एकतर क्रेडिट मिळतात, नाहीतर तासाचे पैसे. फुकट राबवून घेतात का हा प्रश्न मग फारसा उरत नाही.

नाशिकला हे सगळं परकं आहे असंही नाही. २०१५ च्या कुंभाआधी एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर, जे मूळचे नाशिकचेच, यांच्या पुढाकाराने कुंभथॉन झाली होती. कॉलेजचीच नव्हे तर शाळेची पोरंही त्यात होती. गर्दीत किती माणसं पुढे सरकली हे पायाखालच्या चटईने मोजायचं यंत्र त्यातूनच आलं. तेव्हा सिंहस्थाआधी पाण्याची नोंद ही कल्पना मला फार आवडली. तुमच्या सरांना माझ्याकडून नमस्कार सांगा.

तासिका

तासाचे पैसे! दादा, इथे मलाच वेळेवर मिळत नाहीत. 😀

पण थोडे मार्ग आहेत, तेही सांगून ठेवते. बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात असाल तर केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती असते, वर्षाला ८०,०००, त्यातले २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची फेलोशिप देतात, कुठल्यातरी मोठ्या संस्थेतल्या शास्त्रज्ञाकडे पाठवतात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा 'नियस' उपक्रम खास पदवीच्या मुलांसाठीच आहे, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचा उन्हाळी कार्यक्रम आहे. अर्जाच्या तारखा परीक्षेच्या गडबडीत निघून जातात, दिवाळीपासूनच वेबसाइट बघत राहा. यांतल्या बहुतेक अर्जांना शिक्षकाचं पत्र लागतं. मी अशी बरीच पत्रं लिहिलीत. "विद्यार्थिनी हुशार व होतकरू आहे" यापलीकडे लिहिण्यासारखं माझ्याकडे काही असलं, तरच ते पत्र चालतं. तुझ्या सरांकडे वर्षभराने तसं लिहायला असेल. पप्पांना मार्कांऐवजी हे सांगून बघ.

गोदाकाठची_बीए

सगळा धागा टेस्ट ट्यूबमधूनच वाहतोय, म्हणून एक प्रतिसाद कलाशाखेचा. आम्ही इतिहासाच्या मॅडमसोबत तांबट आळीवर काम केलं. आधी १८८३ च्या नाशिक गॅझेटिअरमधला तांब्या-पितळेच्या धंद्याचा मजकूर वाचायचा, मग आळीत जाऊन जी घरं अजून ठोक्याचं काम करतात त्यांच्याशी बोलायचं. मॅडमनी प्रश्नावली करूच दिली नाही. म्हणाल्या, आधी नुसतं बसा. बसलो. एका आजोबांनी कुठली हातोडी कशाला ते दाखवत सगळी हत्यारं समोर मांडली, प्रत्येकीचा दांडा हाताने घासून खोलगट झालेला. प्रश्नावली घेऊन गेलो असतो तर "व्यवसाय परवडतो का? होय/नाही" एवढंच लिहून परत आलो असतो.

आणि हो, द्राक्षबागकाकांचं वाचून आत्ताच ग्रुपवर टाकलं. टिपणाची प्रत आजोबांना नेऊन द्यायचं ठरलंय.

द्राक्षबाग_निफाड

शाब्बास पोरी.

ब्लॅकबुक

मत पूर्ण बदललेलं नाही, पण ती कपाटातल्या वह्यांची गोष्ट पटली. आमच्या विभागात असं कपाटच नव्हतं.

सिन्नरची_मायक्रो

अपडेट. नावाचं विचारलं. सर म्हणाले, लिहाल तर लागेल, आणि वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह तसं लिहून सही केली. पप्पा अजून धुसफुसतायत. पण रामकुंडाच्या पाण्यात नक्की काय असतं हे आता रोज जेवताना तेच विचारतात. आंघोळीच्या पाण्यासाठी बीओडी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या आत आणि डीओ ५ च्या वर लागतो असं सांगितलं. "मग आपलं किती?" म्हणाले. अजून काढलं नाही म्हटलं.

माझ्या वाट्याला तपोवनची बाजू आलीय. काका, एक तांत्रिक शंका. कॉलिफॉर्मची बाटली पण डीओसारखी काठोकाठ भरायची का? आणि एसटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं) पाणी नदीला मिळतं तिथल्या नमुन्याला काही वेगळं करावं लागतं का?

जुना_नाशिककर

नाही, उलट. कॉलिफॉर्मच्या निर्जंतुक बाटलीत वर थोडी जागा सोडायची, तपासण्याआधी हलवावी लागते. बर्फाच्या पेटीत ठेव आणि सहा तासांच्या आत लावून टाक. तिघांनी आळीपाळीने काठावर उतरा, एकटीने नाही. हातमोजे घाला, धनुर्वाताचं इंजेक्शन आधी घेऊन ठेवा.

एसटीपीच्या मुखाशी सोडलेल्या पाण्यात क्लोरिन असू शकतो. तो बाटलीतही जंतू मारत राहतो आणि लॅबमध्ये पोचेपर्यंत आकडा खोटाच चांगला दिसतो. म्हणून त्या जागेच्या सव्वाशे मिलीच्या बाटल्यांत ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करण्याआधी सोडियम थायोसल्फेटच्या १० टक्के द्रावणाचा ०.१ मिली घाल. बाटल्यांवर रंगीत चिकटपट्टी लाव, म्हणजे अदलाबदल होणार नाही. डीओच्या बाटलीत ते चुकूनही जायला नको, सगळं टायट्रेशन बिघडेल.